काजूची बी हलकी भरतेय, बागेला पाणी सुरू करू का?

माजिवडेकर (ठाणे)

नमस्कार मंडळी, कोकणात बाग आणि राहायला ठाणे-नवी मुंबई असे बरेच जण इथे आहेत म्हणून इथेच विचारतोय. आमची काजूची बाग कुडाळ तालुक्यात, सत्तरेक झाडं, सगळी कलमं, वेंगुर्ला ४ जातीची जास्त आणि थोडी वेंगुर्ला ७. बाबांनी लावलेली, आता ते आमच्याकडे ठाण्यालाच असतात, बाग मी आणि गावातला चुलतभाऊ मिळून बघतो. जमीन म्हणजे जांभा कातळ, वर हातभर माती, काही ठिकाणी तेवढीही नाही. पाऊस म्हणाल तर धो धो, आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण सगळा वाहून जातो आणि डिसेंबर संपता संपता जमीन कोरडी ठणठणीत.

ह्या हंगामात व्यापाऱ्याने पोत्यातून मूठभर बिया काढल्या, एक दोन कानाशी हलवून बघितल्या, मग सरळ बादलीतल्या पाण्यात टाकल्या, बऱ्याचशा तरंगल्या. म्हणाला बी दिसायला मोठी आहे पण आत भरलेली नाही, आणि भाव पाडला. मी भांडलो नाही कारण तरंगलेल्या बिया माझ्या डोळ्यांनी दिसत होत्या. पण मला कळत नाहीये की झाडं चांगली, जात चांगली, खत वेळेवर, मग बी पोकळ का?

चुलतभाऊ म्हणतो पाणी कमी पडतं, ड्रिप टाकूया, एकाने कोटेशनही दिलंय. शेजारच्या बागेत विहीर झाली तेव्हापासून ते दिवाळीनंतर लगेच पाणी सोडतात, त्यांची झाडं हिरवीगार दिसतात पण मोहोर आमच्यापेक्षा उशिरा आणि कमी येतो हे पण खरं. दुसरीकडे बाबांचं म्हणणं की काजूला कोणी पाणी घालतं का, हे सगळं हवामानामुळे आहे, फेब्रुवारीतच एवढा उकाडा व्हायला लागला तर बी भरणार कशी.

मी महिन्या-दीड महिन्यातून शनिवार-रविवार धरून जातो, हंगामात दर पंधरा दिवसांनी जायचा प्रयत्न करतो, तेव्हाच गडी लावून जेवढी होईल तेवढी काढणी उरकून घेतो, बी वाळवायचं काम मग चुलतभाऊ बघतो. तर पाणी द्यावं का, दिलं तर कधी आणि किती, आणि हवामानाचा नक्की किती वाटा असतो? बदाम अक्रोडवाले तर सगळं पाण्यावरच करतात असं ऐकलंय, त्यांचं गणित कसं असतं हे कोणाला माहीत असेल तर तेही सांगा.

---

वेंगुर्लेकरीण (कोपरखैरणे)

दादा, ड्रिपवाल्याला हो म्हणायच्या आधी एक काम करा. त्या तरंगलेल्या बियांमधल्या वीसपंचवीस बाजूला काढा आणि अडकित्त्याने उभ्या कापा. हाताला आधी खोबरेल तेल नाहीतर राख चोळून घ्या, टरफलातला चीक लागला की कातडं सोलवटतं, आणि डोळ्यांपाशी हात नेऊ नका.

आता आत काय दिसतं ते नीट बघा. गर पूर्ण तयार आहे, साल तांबूस आहे पण गर बारीक आणि सुरकुतलेला, टरफल आणि गराच्या मध्ये पोकळी आहे, तर बी झाडावर असताना तिला पोसायला कमी पडलं, मग ते पाणी असेल, खत असेल नाहीतर ऊन. गर पांढुरका हिरवट, मऊ, बोटाने दाबला तर दबतोय आणि वाळल्यावर चिंचोक्यासारखा आक्रसलाय, तर बी कोवळी काढलेली आहे, त्यात पाण्याचा काही संबंध नाही. आणि गरावर खड्ड्यासारखे काळे डाग असतील तर ते ढेकण्या ह्या किडीचं काम, कोवळ्या बीतला रस ती शोषते. ह्या तिघांवर उपाय वेगवेगळे आहेत, सगळ्यांवर ड्रिप हा उपाय नाही.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे त्यावर माझी नजर अडकली, पंधरा दिवसांनी जाऊन जेवढी होईल तेवढी काढणी उरकता. काजूचं फळ धरल्यापासून बोंडू (ज्याला खाली बी लटकते तो रसाळ भाग) पिकून खाली पडेपर्यंत साधारण दोन महिने लागतात. त्यातल्या पहिल्या महिन्याभरातच बी पूर्ण मोठी होते, बोंडू तेव्हा इवलासा असतो. मग बीचं टरफल कडक होतं, बी थोडी आक्रसतेसुद्धा, आत गर भरत जातो आणि बोंडू अगदी शेवटी शेवटी फुगतो. म्हणजे झाडावर हिरवी बी पिकलेल्या बीपेक्षा मोठी दिसते! गडी काठी घेऊन झोडपायला लागला की पिकलेली पण येते आणि ही हिरवी मोठी पण येते, पोत्यात सगळी एक होते, वाळली की बाहेरून ओळखू येत नाही. व्यापारी म्हणाला ना दिसायला मोठी पण आत काही नाही, मला तरी त्याचं हेच कारण वाटतंय.

पिकलेला बोंडू आपोआप पडतो, बी तिथून वेचायची. झाडाखाली पालापाचोळा साफ ठेवा, फेब्रुवारीपासून मेपर्यंत दोन तीन दिवसाआड कोणीतरी वेचायला पाहिजे. माकडं आणि चोरी ह्यामुळे लोक घाई करतात हे मला माहीत आहे, आमच्याकडेही वानर बोंडू खायला टोळीने येतात, पण ते बहुतेक वेळा बोंडू खाऊन बी टाकून देतात, ती वेचता येते. वेचायला बाई ठेवा, किलोवर पैसे द्या, झोडपणी पूर्ण बंद. आमच्या बागेत एवढ्या एका बदलाने तरंगणारी बी जवळजवळ बंद झाली.

पाण्याचं म्हणाल तर पाण्याने फायदा होतो, नाही असं नाही, पण मोहोर बाहेर पडल्यावर. पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पालवी येते, ती जून म्हणजे पक्की झाली आणि जमिनीला थोडा ताण बसला की मग मोहोर येतो. मोहोर यायच्या आधीच पाणी दिलं की झाड परत पालवीच काढत बसतं, तुमच्या शेजाऱ्याचं तेच होतंय.

---

सुकामेवा_वाशी

मी मसाला मार्केटला सुक्यामेव्याच्या धंद्यात आहे, बाग नाही माझी, पण माल फोडून बघणं हेच रोजचं काम त्यामुळे बदाम अक्रोडचं जेवढं माहीत आहे ते सांगतो.

वरच्या ताईंनी जे काजूचं सांगितलं ना, आकार आधी आणि भराव नंतर, ते बदाम अक्रोडलाही तसंच्या तसं लागू आहे. आपल्याकडे येणारा बराचसा बदाम कॅलिफोर्नियाचा, जगातला जवळपास ८० टक्के बदाम तिथेच होतो. तिथे फेब्रुवारीत फुलं, एप्रिलच्या अखेरीपर्यंत टरफलाचा आकार ठरून जातो, मे-जूनमध्ये आत गर भरतो, जुलैत वरची हिरवी साल फाटायला लागते आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर काढणी. मार्च-एप्रिलला पाणी कमी पडलं तर दाणाच बारीक राहतो, नंतर कितीही पाणी पाजा तो वाढत नाही. मे-जूनला कमी पडलं तर टरफल मोठं आणि आत दाणा सुरकुतलेला. आम्ही टरफलासकट बदाम घेतो तेव्हा म्हणूनच फोडून वजन करतो, वरून बघून काही कळत नाही.

पण सगळ्यात इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे ते लोक एका टप्प्याला मुद्दाम पाणी तोडतात. साल फाटायला सुरुवात झाली की साधारण दोन आठवडे पाणी कमी करून झाडाला बेताचा ताण देतात. त्याने फाटलेल्या सालीत बुरशी लागून ती सडण्याचं प्रमाण कमी होतं आणि साल सगळीकडे एकसारखी फाटते, काढणी एकदम करता येते. दाण्याच्या वजनात फार फरक पडत नाही कारण तोपर्यंत दाणा जवळजवळ भरलेला असतो. आणि काढणी झाल्यावर लगेच परत पाणी, कारण पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे त्याच दिवसात झाडात तयार होत असतात, तेव्हा झाड सुकलं तर पुढच्या वर्षी फळधारणा कमी. म्हणजे नुसतं जास्त पाणी म्हणजे चांगला माल असं तिथेही नाही, कुठल्या महिन्यात दिलं आणि कुठल्या महिन्यात तोडलं ह्यावर सगळं आहे.

हवामानाचं सांगायचं तर बदामाला फुलाच्या वेळी मधमाशी लागते, आणि थंडी पावसात, पारा १३ च्या खाली असेल तर माशी पेटीतून फारशी बाहेर पडत नाही, फळधारणा तिथेच मार खाते. दुसरा धोका काढणीला. बदाम झाडावरून मशीनने हलवून पाडतात आणि आठ-दहा दिवस जमिनीवरच वाळवतात, त्यात पाऊस आला की दाणा ओला राहतो, बाहेरून ठीक दिसतो पण भाजला की आतून तपकिरी आणि कडवट. हा माल आमच्या गिऱ्हाईकांच्या हातात गेला की ते म्हणतात जुना माल दिला, पण तो जुना नसतो, ओला राहिलेला असतो. बारीक गुरबंदी बदामात मधूनच एखादा कडू लागतो तो वेगळा विषय, ती झाडाचीच गोष्ट आहे, तिथे पाणी हवामान काही नाही.

अक्रोडाला ऊन जास्त बाधतं. पारा ३८ च्या वर गेला आणि फळावर थेट ऊन पडत असेल तर आतली गिरी काळपट पडते, सुकते. काश्मीरचा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरला उतरवतात, उतरवायला उशीर केला, झाडाखाली हिरव्या सालीत तसाच पडून राहिला, तरी गिरीचा रंग उतरतो. पांढुरकी गिरी आणि काळसर गिरी ह्यांच्या भावात केवढा फरक असतो हे मार्केटला येऊन बघा. पिस्त्याला तर थंडीच हवी, हिवाळा पुरेसा थंड नसेल तर नर मादी झाडं एका वेळी फुलत नाहीत आणि टरफलं रिकामी निघतात, कॅलिफोर्नियात २०१५ ला असंच झालं होतं, दुष्काळ आणि गरम हिवाळा दोन्ही एकत्र.

काजूच्या बाबतीत एक आकडा देतो तो उपयोगी पडेल. १८०, २१०, २४०, ३२० हे जे ग्रेड ऐकता ते म्हणजे एका पाउंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, अख्खे गर किती बसतात तो आकडा. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. त्यामुळे बी नीट भरली तर नुसतं वजन वाढत नाही, ग्रेडही वर जातो.

---

निवृत्त_कृषी (खारघर)

चांगली चर्चा चालली आहे. वडिलांचंही म्हणणं पूर्ण चूक नाही, तेवढ्यासाठी लिहितो.

कोकणात काजूला हवामानाचा फटका प्रामुख्याने तीन वेळा बसतो. पहिला मोहोराच्या वेळी, डिसेंबर-जानेवारीत मळभ आलं, धुकं पडलं, दमट राहिलं की ढेकण्या आणि फुलकिडे वाढतात, मोहोर करपतो. म्हणून तीन फवारण्या सांगतात, एक पालवीला, एक मोहोराला, एक फळधारणेला. औषध आणि प्रमाण मात्र दापोली कृषी विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावं, दुकानदार देईल ते नको. आणि फुलं उमललेली असताना सकाळच्या वेळी फवारू नका, परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात.

दुसरा फटका फेब्रुवारी-मार्चच्या उष्णतेचा. २०२३ चा फेब्रुवारी आठवा, देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींमध्ये जास्त होतं. पारा ३९-४० कडे गेला आणि जमीन कोरडी असली की कोवळी फळं गळतात आणि राहतात त्यांना भराव कमी मिळतो. इथेच पाण्याचा खरा उपयोग आहे. ऊन आपण कमी करू शकत नाही, पण मुळाशी ओल असेल तर झाड ते सोसतं.

तिसरा फटका अवकाळी पावसाचा. २०२५ ला मुंबईत २६ मे रोजीच मान्सून पोचला, नोंदी आहेत तेव्हापासून एवढ्या लवकर कधी आला नव्हता, कोकणात तर मे महिन्याभर सरी पडत होत्या. ज्यांची शेवटची बी जमिनीवर पडून भिजली त्यांची टरफलं काळी पडली आणि गरावर डाग आले. उशिरा मोहोर येणाऱ्या झाडांची बी हमखास ह्यात सापडते, म्हणून शेजाऱ्यांसारखं दिवाळीनंतर पाणी देऊन मोहोर लांबवणं दोन्हीकडून तोट्याचं.

आता पाणी किती. मोठ्या झाडाला जानेवारी ते मार्च दर पंधरा दिवसांनी साधारण २०० लिटर ही सर्वत्र सांगितली जाणारी मात्रा आहे. पाणी खोडाशी ओतू नये. अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराच्या बाहेरच्या बाजूला असतात, ड्रिपर तिथे गोलाकार ठेवा. खोड सतत ओलं राहिलं तर बुरशी येते, शिवाय खोडकिड्यासाठी बुंधा स्वच्छ आणि दिसता राहायला हवा, भुसा बाहेर पडलेला वेळेत दिसला तर झाड वाचतं.

---

माजिवडेकर (ठाणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. चुलतभावाला काल फोन करून घरातल्या उरलेल्या बिया कापायला लावल्या, व्हिडिओ कॉलवर स्वतः बघितल्या. वेंगुर्लेकरीण ताई तुम्ही म्हणालात तसंच आहे, तरंगणाऱ्यांपैकी बहुतेक आतून पांढुरक्या आक्रसलेल्या, म्हणजे कोवळ्याच. काही थोड्या मात्र तयार झालेल्या पण बारीक गराच्या आहेत आणि त्या सगळ्या वरच्या बाजूच्या कातळावरच्या झाडांच्या, तिथे माती अगदीच कमी आहे.

काका, तुमच्या हिशोबाने ७० झाडं गुणिले २०० म्हणजे एका पाळीला १४,००० लिटर, जानेवारी ते मार्च सहा पाळ्या धरल्या तर ८४,००० लिटर. आमच्या विहिरीला फेब्रुवारीनंतर एवढं पाणी नसतं, टँकर चढावर येत नाही. मग सगळ्यांना थोडं थोडं देऊ की निवडक झाडांना पूर्ण देऊ? आणि वाळवण्यात पण काही चुकत असेल का, चुलतभाऊ प्लास्टिकच्या ताडपत्रीवर एक दिवस टाकतो आणि पोती भरतो.

---

निवृत्त_कृषी (खारघर)

निवडक झाडांना पूर्ण द्या. सगळ्यांना शिंपडल्यासारखं दिलं तर वरची माती ओली होते, मुळापर्यंत काही जात नाही. कातळावरची जी झाडं तुम्ही सांगता ती समजा वीस धरली तर पाळीला ४,००० लिटर, हे विहिरीला झेपेल. पाळ्याही कमी करायच्या झाल्या तर फळं वाटाण्याएवढी झाल्यापासून पुढचा महिना दीड महिना अजिबात चुकवू नका, त्यातल्या पहिल्या अर्ध्यात आकार ठरतो आणि दुसऱ्या अर्ध्यात भराव.

खालच्या मातीच्या झाडांना ड्रिपची घाई नको. पावसाळा संपता संपता, जमिनीत ओल असतानाच, घेराखाली गवत आणि पालापाचोळ्याचं जाड आच्छादन करा, फक्त वेचणीच्या आधी ते बुंध्याला न लावता एका बाजूला ओढून घ्या म्हणजे बी दिसेल. चढावर झाडाच्या वरच्या अंगाला अर्धचंद्र चर खणले तर पावसाचं पाणी थोडं तरी तिथेच जिरतं. हे काम मेमध्ये गडी मिळतात तेव्हाच करून घ्या.

---

वेंगुर्लेकरीण (कोपरखैरणे)

वाळवण एक दिवसात होत नाही दादा. ताज्या बीत २५ टक्क्यांपर्यंत पाणी असू शकतं, ते ८-९ टक्क्यांवर आलं पाहिजे, त्याला कडक उन्हात दोन ते तीन दिवस लागतात, मळभ असेल तर जास्त. ताडपत्री चालेल पण पातळ थर पसरा, दिवसातून दोन तीनदा वरखाली करा आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाका. वाळलेली बी नखाने दाबली तर खूण उमटत नाही आणि मुठीत हलवली की खडखड वाजते. गरम गरम पोत्यात भरू नका, रात्रभर गार होऊ द्या नाहीतर पोत्यात घाम धरतो आणि बुरशी येते. पोतं गोणपाटाचंच घ्या, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून सुटं.

बोंडूपासून बी पिळून काढताना बोंडूचा गर बीला चिकटून राहिला तर तोही काढून टाका, तिथेच बुरशी सुरू होते. आणि आज वेचलेली बी कालच्या अर्धवट वाळलेल्या बीत मिसळू नका, हे गावाला सर्रास करतात.

---

डोंबिवलीकर_७

मला पण असाच प्रॉब्लेम आहे दापोलीला, पण माझी झाडं लहान आहेत, दुसरं वर्ष. त्यांना पण मोहोरानंतरच पाणी का?

---

वेंगुर्लेकरीण (कोपरखैरणे)

नाही नाही, लहान झाडांचा नियम वेगळा. पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यायलाच हवं, जगली पाहिजेत ना आधी. आठवड्यातून एकदा दोनदा, झाडाच्या आकाराप्रमाणे, आणि बुंध्याभोवती आच्छादन. दुसऱ्या वर्षी मोहोर आला तर तो खुडून टाका, वाईट वाटतं पण झाड आधी वाढू दे. मोहोर बघून पाणी द्यायचं ते चौथ्या पाचव्या वर्षानंतर, बी घ्यायला लागलात की.

---

सुकामेवा_वाशी

माजिवडेकर, पुढच्या हंगामात एक करा, वेचलेल्या बीची पोती आणि कातळावरच्या झाडांची पोती वेगळी ठेवा, नावं घालून. विकायला न्यायच्या आधी प्रत्येकातली एक किलो मोजून घ्या आणि कापून गराचं वजन करा. वेंगुर्ला ४ ची चांगली बी किलोला १३० च्या आसपास बसते आणि किलोमागे ३०० ग्रॅमच्या जवळ गर निघायला हवा. २५० च्या खाली आला तर कुठल्या पोत्यात आला हे तुम्हाला कळेल, आणि व्यापाऱ्यासमोर बादली ठेवायची वेळ येणार नाही, तुम्हीच आधी आकडा सांगाल.

घरी ठेवायला जे गर आणाल ते पावसाळ्यात हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, ठाण्याच्या जूनच्या हवेत बाहेर ठेवलेले आठवड्यात मऊ पडतात आणि मग खवट व्हायला लागतात.

---

माजिवडेकर (ठाणे)

ठरलं, ड्रिपचं कोटेशन सध्या बाजूला, फक्त वरच्या कातळावरच्या झाडांपुरती पाइपलाइन टाकतोय. वेचणीसाठी गावातल्या दोघीजणी तयार आहेत, किलोवर दर ठरवायचा आहे, सिंधुदुर्गात सध्या काय चालू आहे कोणाला माहीत असेल तर इथेच टाका. बाबांना सगळी चर्चा वाचून दाखवली, ते म्हणतात चर खणायला मेमध्ये मीच जातो.